मुठेलाचं चॉकलेट आणि माझी शुगर

वय ४९, डोक्यावर मोजके केस, आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फायलींच्या मागे लपवलेलं चॉकलेट. हे आमच्याकडे कुणाला माहीत नव्हतं असं मला वाटायचं, पण बायकोला शर्टाच्या खिशातल्या चांद्यांवरून कधीच कळलेलं होतं आणि ती बिचारी गप्प होती. लोकांना तंबाखू असते, दारू असते, मला चार वाजता चहाबरोबर मिल्क चॉकलेट लागायचं, वीस वर्षं झाली असतील. मग गेल्या फेब्रुवारीत ऑफिसचं हेल्थ चेकअप झालं आणि रिपोर्टमध्ये एचबीए१सी (म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांच्या शुगरचा सरासरी अंदाज) ७.४. साडेसहाच्या वर गेलं की डायबेटिस, म्हणजे प्री वगैरे काही भानगड नाही, डायरेक्ट पासच झालो होतो.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू केली आणि खाण्याचं बघा म्हणाले. आमच्या सोसायटीत निम्मी जनता दीक्षित डाएटवाली, दोन वेळा जेवायचं, ५५ मिनिटांत आटपायचं, बाकी वेळ तोंड बंद. मीही ते आधी एकदा वजनासाठी केलेलं होतं, पण त्या ५५ मिनिटांत मी सहा पोळ्या चेपायचो, दोष डाएटचा नाही माझा. यावेळी म्हणून लो कार्ब करायचं ठरवलं, म्हणजे पोळी, भात, साखर यातली कार्बोहायड्रेट्स कमी करायची, दिवसाला साधारण ५० ग्रॅम कार्ब. डॉक्टरांना विचारून केलं हे मुद्दाम सांगतो, कारण काही गोळ्या अशा असतात (ग्लिमेपिराइड वगैरे) की त्या चालू ठेवून एकदम पोळीभात बंद केला तर शुगर धाडकन खाली जाते, आणि काही नव्या गोळ्यांवर तर असं डाएट करणं वेगळ्याच कारणाने धोक्याचं असतं. माझं फक्त मेटफॉर्मिन होतं, तर ते म्हणाले करा, पण घरी शुगर मोजायचं मीटर घ्या आणि लिहून ठेवा.

पोळी-भात सोडणं जमलं हो. पहिले दहा दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली, मग सवय झाली. अंडी, पनीर, पालेभाज्या, दाण्याचं कूट घातलेली भरली वांगी, मासे, सायीचं दही, आमच्या कोकणी घरात नारळ असतोच, सोलकढी तर काय फुकटच. खरा प्रश्न चार वाजताचा होता. चहा बिनसाखरेचा प्यायला शिकलो पण हात आपोआप ड्रॉवरकडे जायचा. एकदा चष्मा लावून रॅपरच्या मागचं वाचलं, वीस वर्षांत पहिल्यांदा. शंभर ग्रॅममध्ये अर्ध्याहून जास्त साखर. म्हणजे मी जी ५० ग्रॅमची वडी खायचो त्यात सहासात चमचे साखर, अख्ख्या दिवसाचा निम्मा कोटा दोन मिनिटांत.

मग मी तोच गाढवपणा केला जो बहुतेक जण करत असणार. मेडिकलवाल्याकडे गेलो. काउंटरवरच एक हिरव्या रंगाचं शुगर-फ्री चॉकलेट ठेवलेलं, वर 'नो ॲडेड शुगर', किंमत दुप्पट. चव अगदी नेहमीसारखी, गोड, मऊ, मला तर डोळ्यात पाणी यायचं बाकी राहिलं होतं. शुगर-फ्रीच आहे म्हणून संध्याकाळी ऑफिसात अख्खं संपवलं आणि लोकल पकडली. ठाणं सुटल्यावर पोटात जे सुरू झालं ते इथे सविस्तर लिहीत नाही, फक्त एवढंच सांगतो की सहा पंचवीसच्या फास्ट लोकलमध्ये माणसाला हलायलाही जागा नसते आणि डोंबिवली स्टेशन ते आमची बिल्डिंग चालत बारा मिनिटं आहे. ती त्या दिवशी मी सहा मिनिटांत गाठली.

पुढच्या रविवारी मी शहाणपणा दाखवून तेच चॉकलेट पुन्हा आणलं, यावेळी अर्धंच खाल्लं आणि मीटर घेऊन बसलो. खायच्या आधी ११८, तासाने १७१, दोन तासांनी १५८. घरचं मीटर पंधरावीस इकडेतिकडे दाखवतं हे धरलं तरी हे काही शुगर-फ्रीचे आकडे नव्हेत. मुलगी म्हणाली बाबा मागे बघा ना काय लिहिलंय. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत 'माल्टिटॉल' आणि त्याच्याही खाली, आणखी बारीक, 'पॉलिओल्स मे हॅव लॅक्सेटिव्ह इफेक्ट्स', म्हणजे माल्टिटॉलच्या जातीच्या गोडीने जुलाब होऊ शकतात. म्हणजे कंपनीने सांगितलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं, आता कुणावर ओरडणार.

हे माल्टिटॉल काय प्रकरण आहे ते मग मी रात्री जागून वाचलं. साखरेसारखंच लागतं, वितळतं पण साखरेसारखं, म्हणून चॉकलेटवाल्यांना ते फार आवडतं. पण त्यातलं बरंचसं पोटात पचतं आणि रक्तात जातं, साखरेपेक्षा कमी पण शून्य अजिबात नाही. उरलेलं आतड्यात खाली जातं, पाणी ओढून घेतं, गॅस होतो, आणि मग लोकलमध्ये माझं झालं ते होतं. त्याच जातीचं एरिथ्रिटॉल मात्र वेगळं, ते लहान आतड्यातूनच शोषलं जातं आणि बहुतेक सगळं जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर, त्यामुळे शुगरही हलत नाही आणि पोटाचा त्रासही पुष्कळ कमी. नेटवर जे लोक 'टोटल कार्बमधून पॉलिओल वजा करा' असं सरसकट सांगतात ना, ते एरिथ्रिटॉलला ठीक आहे, माल्टिटॉलला नाही. पाकिटावर आयएनएस नंबर असतात, म्हणजे आत घातलेल्या पदार्थांचे कोड, ९६५ दिसलं की माल्टिटॉल, ९६८ म्हणजे एरिथ्रिटॉल, ९६० स्टीव्हिया (एका झाडाच्या पानांतली गोडी). हे तीन मला आता पाढ्यासारखे पाठ आहेत, बायको म्हणते लग्नाची तारीख नाही राहत लक्षात पण हे राहतं.

मग डार्क चॉकलेटकडे वळलो. तिथेही आधी फसलोच, कारण 'डार्क' लिहिलंय म्हणजे चाललं असं मला वाटायचं. अमूलचं ५५ टक्केवालं आणलं, छान लागलं, मग डोक्यात प्रकाश पडला की ५५ टक्के कोको म्हणजे उरलेले ४५ टक्के काय? बहुतेक साखरच. हा हिशोब सोपा आहे आणि साध्या डार्कला जवळजवळ दरवेळी लागू पडतो, शंभरातून टक्के वजा करा, उरेल ती साधारण साखर. सत्तर टक्केवालं म्हणजे शंभर ग्रॅमला तीस ग्रॅम, ८५ म्हणजे पंधरा. तर ८५ वाल्याची दहा ग्रॅमची एक चौकोनी वडी खाल्ली तर साखर दीड ग्रॅम, एवढं माझ्या पन्नासात आरामात बसतं.

पण चव! पहिल्यांदा ८५ टक्केवालं तोंडात टाकलं तेव्हा लहानपणी आई जंतांसाठी काडेचिराईताचा काढा द्यायची त्याची आठवण झाली. थुंकलो नाही कारण चारशे रुपये दिले होते. म्हणून मी पायरीपायरीने गेलो, दोन आठवडे ५५ पण फक्त एक वडी, मग तीन आठवडे ७०, मग ८५. आणि मधे एक गंमत झाली, ऑफिसात कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचं मिल्क चॉकलेट वाटलं, नको म्हणता येईना म्हणून कोपरा तोडला आणि मला ते नुसतं साखरेचं लागलं. दुधाचा वास, साखर, आणि कोको कुठेतरी लांब. वीस वर्षं मी हेच खात होतो? त्यादिवशी मला जरा वाईटच वाटलं खरं तर. जुना मित्र भेटावा आणि बोलायला काही नसावं तसं. ९९ टक्केवालंही एकदा आणलं होतं, ते अजून फ्रिजमध्ये आहे, कुणाला हवं असेल तर डोंबिवलीत येऊन घेऊन जा.

कडू चॉकलेट खायची पण एक रीत असते, ती मला कुणी सांगितली नाही, आपोआप कळली. चावायचं नाही. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, ३४ अंशाच्या आसपास वितळतं, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या जरा खाली, त्यामुळे तुकडा जिभेवर ठेवून गप्प बसलं की तो स्वतःच विरघळतो आणि कडूपणाच्या मागून एकेक वास येतात, कॉफीसारखा, कधी मनुकांसारखा. चावलं की नुसता कडवटपणा एकदम अंगावर येतो. वर मिठाचे दोन कण टाकले तर कडूपणा आणखी दबतो. आणि मी ते चार वाजता रिकाम्या पोटी खाणं बंद करून दुपारच्या डब्यानंतर लगेच खायला लागलो, कारण तसं केलं की माझं मीटर जवळजवळ हलत नाही.

आता इथेच थांबलो असतो तर बरं होतं, पण आमच्या रक्तात उपद्व्याप आहे. ८५ टक्केवाली वडी महाग, महिन्याला पाच स्लॅब म्हणजे दोन हजार, म्हटलं घरीच करू. यूट्यूबवर तर सगळं तीन मिनिटांत होतं.

पहिला प्रयोग कोको पावडर आणि खोबरेल. बायको म्हणाली, अहो डोक्याला लावायचंय की खायचंय ते आधी ठरवा. झालं मस्त, चव चांगली, पण खोबरेल चोविसाव्या अंशाला वितळायला लागतं आणि आम्ही राहतो डोंबिवलीत, एप्रिल महिना. फ्रिजमधून काढून टेबलापर्यंत आणेस्तोवर बोटांना शाई. डब्यातून ऑफिसात नेलं ते तर पिऊनच टाकावं लागलं.

दुसऱ्या वेळी रीतसर कोको बटर मागवलं, फिकट पिवळे तुकडे येतात, वास इतका सुंदर की मुलीने तसंच चावून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. ते वितळवून कोको पावडर आणि एरिथ्रिटॉल घातलं, साच्यात ओतलं, गार केलं, खाल्लं, आणि दाताखाली वाळू. चुलीवर पाकात साखर विरघळते तशी ही पण विरघळेल असं मी धरून चाललो होतो, पण चॉकलेटमध्ये पाणी नसतंच, सगळी चरबी, आणि चरबीत साखर काय नि एरिथ्रिटॉल काय, काहीच विरघळत नाही. दाणा जेवढा बारीक तेवढंच ते गुळगुळीत. म्हणून ते आधी मिक्सरमधून पिठीसाखरेसारखं काढायचं आणि झाकण लगेच उघडायचं नाही. मी उघडलं. पंधरा मिनिटं खोकत होतो, किचनच्या ओट्यावर बर्फ पडल्यासारखं. आणि बर्फावरून आठवलं, एरिथ्रिटॉल जास्त झालं की जिभेला खरोखर गार लागतं, पेपरमिंट खाल्ल्यासारखं, चॉकलेटमध्ये ते विचित्र वाटतं. त्यावर तोड म्हणजे ते कमी घालायचं आणि चिमूटभर स्टीव्हिया, चिमूटभर म्हणजे खरंच चिमूटभर, ते साखरेच्या दोनतीनशे पट गोड असतं आणि जास्त पडलं की मागाहून ज्येष्ठमधासारखी एक चव जिभेवरून जातच नाही.

तिसऱ्या वेळी सगळं नीट केलं आणि शेवटच्या मिनिटाला गचका. खाली पातेल्यात पाणी उकळत होतं, वर वाडगं, त्या वाफेचे दोनचार थेंब आत पडले असणार, आणि डोळ्यादेखत ती चकचकीत पातळ गोष्ट चिखलासारखी घट्ट झाली. फेटलं तर आणखी घट्ट. पाण्याचा थेंब मिळाला की कोको आणि गोडाचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात, गंमत म्हणजे थोडं पाणी असेल तरच, भरपूर असेल तर नाही. आमच्या सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, त्या म्हणाल्या, फेकू नका हो, साय घाला त्यात. गरम करून चार चमचे ताजी साय घातली आणि हलवत राहिलो, आणि काय झालं माहितीये? परत मऊ, चकचकीत. वर वेलदोडा. त्याच्या वड्या पडल्या नाहीत पण वाटीत घेऊन चमच्याने खायला इतकं भारी लागलं की आता मी ते मुद्दाम करतो, सासूबाईंना त्याचं क्रेडिट देऊन.

चौथ्या वेळी वड्या पडल्या पण दोन दिवसांनी त्यांच्यावर पांढरे डाग, मुलगी किंचाळली बुरशी. बुरशी नव्हे ती, कोको बटर वर येऊन बसतं. ते गोठताना सहा वेगवेगळ्या प्रकारांनी गोठू शकतं आणि त्यातला एकच प्रकार आपल्याला हवा असतो, कडक, चमकदार, मोडताना टक् आवाज करणारा. त्यासाठी आधी ४५ अंशांपर्यंत तापवायचं, मग हलवत हलवत २७ पर्यंत खाली आणायचं आणि परत ३१ वर न्यायचं. वाचायला सोपं आहे. मे महिन्यात आमच्या किचनमध्ये हवाच ३४, तर ते २७ ला येणार कसं? शेवटी रात्री साडेअकराला बेडरूमच्या एसीत, पलंगावर पेपर पसरून, थर्मामीटर घालून मी चॉकलेट ढवळत बसलो होतो आणि बायको भिंतीकडे तोंड करून झोपली होती. टक् आवाज आला तेव्हा मी तिला उठवलं. उठवायला नको होतं.

तरीही वड्या डब्यातून ऑफिसपर्यंत टिकेनात. तेव्हा कुठेतरी वाचनात आलं की युरोपात चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय ज्या सहा वनस्पतिजन्य चरबी ५ टक्क्यांपर्यंत घालायला परवानगी आहे, त्यात आपल्या आंब्याच्या कोयीची आहे आणि कोकमाच्या बियांची पण आहे. मी उडालोच. कोकमाच्या बियांची चरबी म्हणजे मुठेल! आमच्या कुडाळच्या आतेकडे ते मुठीने वळलेले पांढुरके गोळे लहानपणापासून बघितलेत, बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर तेल येतं ते काढून गोळे वळायचे. थंडीत टाचांच्या भेगांना लावायला. हे कोको बटरपेक्षा कडक, वितळायला ३८-४० अंश तरी लागतात. म्हणजे लोकलचा उकाडा सहन करणार!

आतेला फोन लावला. "काय रे, मुठेल खातंस? अरे ता टाचेक लावतत मरे!" मी म्हटलं आते, पूर्वी खायचेपण ना थोडं, ती म्हणाली खायचे, पण तेव्हा गरिबी होती. तरी जूनमध्ये गावाहून येणाऱ्या एकाबरोबर तिने नव्या कोकमांचं, स्वच्छ गाळून घेतलेलं, पाव किलो पाठवलं. (टाचांसाठी विकायला असतं ते वापरू नका, कसं आणि कशात ठेवलेलं असतं देव जाणे.)

बऱ्याच नासधुशीनंतर जे जमलं ते असं. ६० ग्रॅम कोको बटर, १५ ग्रॅम मुठेल, ५० ग्रॅम चांगली बिनसाखरेची कोको पावडर, ३५ ग्रॅम दळलेलं एरिथ्रिटॉल, स्टीव्हियाची चिमूट, मीठ, अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी. मुठेल यापेक्षा जास्त घातलं तर तोंडात मेण चघळल्यासारखं होतं, ते वितळतच नाही लवकर. याच्या सोळा वड्या होतात, कोको पावडरमध्ये निम्म्याहून जास्त कार्ब म्हणजे फायबरच असतं, त्यामुळे वडीमागे पोटात लागणारे कार्ब एक ग्रॅमच्या आतच. मीटर लावून बघितलं, दोन वड्यांनंतर तासाने वाढ पाचसात, म्हणजे नसल्यासारखीच.

आणि इथे मी परत वाहवत गेलो. कार्ब नाहीत ना, मग काय, दिवसाला सहासात वड्या. शुगर झकास आणि वजन तीन आठवडे जागच्या जागी. एका वडीत पन्नासेक कॅलरी आहेत, सगळं लोणीच की ते. शिवाय २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या लोकांचा अभ्यास आला होता, रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांत हार्ट अटॅक, स्ट्रोक जास्त दिसले म्हणून. त्यावरून कारण तेच असं सिद्ध होत नाही, शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, पण माझ्या वडिलांना अटॅक आलेला आहे, त्यामुळे मी ३५ चं हळूहळू २० ग्रॅमवर आणलं आणि दिवसाला दोन वड्या, बस. डबा आता बायकोच्या ताब्यात असतो. त्यावर तिने चिठ्ठी लावलीय, 'मेथी'.

मे अखेर एचबीए१सी ६.६ आलं, ऑगस्टमध्ये ६.१. हे चॉकलेटमुळे झालं नाही, पोळीभात कमी झाला, रोज चालणं झालं आणि गोळी चालू आहे म्हणून झालं. पण चॉकलेट सोडावं लागलं असतं तर मी एप्रिलमध्येच पळालो असतो हे नक्की.

गणपतीला गावी गेलो तेव्हा सोळा वड्या स्टीलच्या डब्यात घालून नेल्या. गाडी चार तास लेट, डब्यात गर्दी, गरमी, तरी कुडाळला उतरून झाकण उघडलं तर सगळ्या शाबूत, कडा पण मोडल्या नव्हत्या. मला नैवेद्याच्या मोदकाला नाही म्हणवेना, एक खाल्ला, तुपासकट, मीटर नेलंच नव्हतं. आतेला स्वतःला दहा वर्षं शुगर आहे, मोदक करते शंभर आणि खात नाही एकही. तिला एक वडी दिली आणि म्हटलं यात तुझं मुठेल आहे, चावू नको, तशीच ठेव. ती बराच वेळ डोळे मिटून बसली.

"ह्या काय कडू जहर हाडलंस रे," म्हणाली.

मी डबा बंद करायला लागलो तर तिने हात पुढे करून आणखी दोन काढल्या आणि पानाच्या डब्यात, सुपारीच्या कप्प्यात ठेवल्या. निघताना परत बाहेर आली, पडवीत उभी राहून म्हणाली, "पुढच्या येळेक वायच साखर घालून हाड."